गादी मिळाली; खुर्चीचे काय?

पक्षाघाताचा झटका आलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा त्याच्याआधी बहुतेक वेळा हवेची गादी घरी पोहोचलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजेच बोलीभाषेतील ‘बेडसोअर’, होतात आणि ते टाळण्यासाठी ‘एअरबेड’ लागतो, एवढे ज्ञान शहरी मध्यमवर्गाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनुभवातून मिळविले आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फुगवटे असलेली ही गादी पंपासह अडीच-तीन हजार रुपयांत मिळते. ती पलंगावर अंथरली, पंप सुरू झाला, की कुटुंबीय काळजीतून निम्मे मोकळे होतात.

पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टर म्हणतात, ‘आता यांना बसते करा.’ सल्ला योग्यच असतो. सतत पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, स्नायू आक्रसतात, मनही खचते. मग सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या मालिकेपर्यंत त्या व्यक्तीला घरातील प्लॅस्टिकच्या खुर्चीत, जुन्या आरामखुर्चीत किंवा भाड्याने आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसविले जाते. काही दिवसांत बैठकीच्या हाडावर काळपट डाग दिसतो आणि दोष येतो तो गादीवर. गादी बदलली जाते, अधिक महागाची आणली जाते. ज्या खुर्चीत दिवसाचे आठ तास गेले, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

हा केवळ घरगुती अज्ञानाचा प्रश्न नाही. रुग्णालये, विमा कंपन्या आणि शासनाच्या कल्याणकारी योजना या तिन्ही ठिकाणी हीच दृष्टी दिसते. साधन म्हणजे देऊन मोकळे होण्याची वस्तू, असे मानले जाते. ते साधन त्या माणसाच्या मापाचे आहे का, हे पाहण्याचे काम कुणाचेच नसते.

झोपलेल्या माणसाचे वजन डोक्यापासून टाचेपर्यंत पसरलेले असते. बसलेल्या माणसाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नितंब आणि मांड्यांवर येतो आणि त्यातही तो एकवटतो बैठकीच्या दोन टोकदार हाडांखाली. निरोगी माणूस नकळत चुळबुळ करतो, कूस बदलतो, पाय हलवितो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यास दाबाची जाणीवच होत नाही. पक्षाघात झालेल्यास ती होते, पण हलता येत नाही, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यास सांगता येत नाही. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये दबलेल्या मांसपेशींना रक्त मिळेनासे होते. ही जखम पुष्कळदा आत, हाडालगत सुरू होते आणि त्वचेवर उमटते तेव्हा खाली बरीच हानी होऊन गेलेली असते. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या राष्ट्रीय मंडळाने २०१६ मध्ये ‘प्रेशर अल्सर’ हा शब्द बदलून ‘प्रेशर इंज्युरी’ हा शब्द स्वीकारला. त्वचा फाटलेली नसतानाही इजा झालेली असू शकते, हे त्यामागचे एक कारण होते.

दाबाच्या जोडीला आणखी एक शत्रू आहे आणि तो अधिक छुपा आहे. खुर्चीत बसलेली वृद्ध व्यक्ती हळूहळू पुढे घसरते. त्वचा आसनाला चिकटून जागीच राहते, आतील हाड मात्र पुढे सरकते. मधल्या ऊती आणि रक्तवाहिन्या पिळल्यासारख्या ताणल्या जातात. माकडहाडाच्या वरच्या भागात होणाऱ्या अनेक जखमांचे मूळ या घसरण्यात असते. ‘सारखे घसरतात’ म्हणून त्यांना ओढणीने किंवा पट्ट्याने खुर्चीला बांधण्याचा उपाय घरोघरी केला जातो. ती व्यक्ती घसरते का, हे मात्र कुणी पाहत नाही. बहुतेक वेळा उत्तर खुर्चीच्या मापात सापडते.

आसनाची खोली जास्त असली, तर पाठ टेकविण्यासाठी माणसाला पुढे सरकून बसावे लागते. गुडघ्याची मागची बाजू आणि आसनाची कड यांच्यात दोन-तीन बोटे मावतील एवढीच जागा हवी. रुंदी जास्त असली, तर शरीर एका बाजूला कलते आणि एकाच हाडावर सारा भार येतो. कमी असली, तर बाजूचे पत्रे मांडीला घासतात. नितंब आणि खुर्चीची बाजू यांच्यामध्ये तळहात उभा सरकावा इतपत अंतर असावे. पाय ठेवण्याची पट्टी फार खाली असेल तर पाय लोंबकळतात आणि त्यांच्या वजनाने माणूस पुढे ओढला जातो. ती फार वर असेल तर मांड्या आसनावरून उचलल्या जातात आणि त्यांनी पेलायचे वजन बैठकीच्या हाडांवर येते. पट्टीची उंची दोन बोटांनी बदलली तरी दाबाचे गणित बदलते. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक मोजपट्टी आणि एक पाना.

आपल्याकडे सर्वत्र दिसणारी घडीची चाकाची खुर्ची मुळात रुग्णाला वॉर्डातून क्ष-किरण विभागात नेण्यासाठी बनविलेली आहे. तिचे आसन म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेले रेक्झिन. काही महिन्यांत ते झोळीसारखे खाली येते, मांड्या आत वळतात, कंबर तिरकी होते. अर्धा तास बसण्यापुरती ती ठीक आहे. तिच्यात वर्षानुवर्षे बसणे ही शिक्षाच आहे आणि तरीही बहुसंख्य घरांत तीच असते.

अलीकडे सुखवस्तू घरांत आई-वडिलांसाठी मागे रेलणारी, पाय वर उचलणारी मऊ ‘रिक्लायनर’ आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. चालत्या-फिरत्या माणसाला ती सुखाची असते. स्वतः हलू न शकणाऱ्यासाठी मात्र ती अडचणीची ठरू शकते. पाठ मागे जाते तेव्हा पाठ आणि मांडी यांच्यातील कोन उघडतो आणि शरीर पुढे घसरते. पाठ पुन्हा सरळ केली तरी घसरलेले शरीर मागे येत नाही. विशेष देखभालीसाठी बनविलेल्या खुर्च्यांमध्ये यावर वेगळी युक्ती असते. तेथे आसन आणि पाठ यांचा कोन कायम ठेवून संपूर्ण खुर्चीच मागे कलते. भार बैठकीवरून पाठीकडे सरकतो आणि घसरणे टळते. अशा खुर्च्या भारतात मिळतात, पण साध्या खुर्चीच्या कित्येक पट किमतीला. हा फरक समजावून देणारा माणूस दुकानात क्वचितच भेटतो.

खुर्चीवरच्या उशीविषयी तर अंधारच आहे. नळीसारखी गोल, मध्ये भोक असलेली रबरी रिंग अजूनही सर्रास विकली जाते. जखम मोकळी राहावी, हा तिच्यामागचा साधा तर्क. प्रत्यक्षात रिंगच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी मंदावतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ती वापरू नये, असे स्पष्टपणे सांगितले आहे. योग्य उशी फोमची, जेलची किंवा हवेच्या कप्प्यांची असू शकते. कोणती घ्यावी, हे माणसाच्या वजनावर, शरीराच्या ठेवणीवर, घाम आणि लघवीवरील नियंत्रणावर ठरते. फोम स्वस्त आणि स्थिर, पण कालांतराने दबून जातो. हवेची उशी दाब उत्तम विभागते, पण तिच्यातील हवा नियमित तपासावी लागते. माणूस बसलेला असताना तळहात उशीखाली घालून हाडाखाली अर्धा ते एक इंच जागा उरते का, हे चाचपायचे असते. हवा कमी असेल तर हाड तळाला टेकते, आणि जास्त असेल तर उशी दगडासारखी होते. ‘जास्त फुगविली म्हणजे जास्त मऊ’ ही समजूत नेमकी उलटी आहे.

उशी कितीही उत्तम असली तरी हालचालीला पर्याय नाही. ब्रिटनमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांचे भवितव्य जवळपास ठरलेलेच असे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांत त्यांचा अंत होई. गुटमन यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा शिरस्ता घातला आणि चित्र पालटले. त्याच केंद्रातून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाने आणखी एक समजूत मोडीत काढली. हातांवर जोर देऊन क्षणभर उचलले जाणे पुरेसे मानले जाई. परंतु दबलेल्या भागात प्राणवायूचे प्रमाण पूर्ववत होण्यास सरासरी जवळपास दोन मिनिटे लागतात, असे आढळले. तेवढा वेळ हातांवर तोलून धरणे कुणाला जमणार? त्यापेक्षा टेबलावर पुढे वाकून किंवा एका कुशीवर कलून राहणे सोपे आणि उपयुक्त.

साधनसंपन्नता हे यातले कवच नव्हे, हे २००४ मध्ये जगाने पाहिले. ‘सुपरमॅन’ची भूमिका गाजविणारे ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले होते. उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असूनही ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर शय्याव्रणातील जंतुसंसर्गासाठीच उपचार सुरू होते.

गाद्यांच्या जाहिरातींत ‘३२’ हा आकडा वारंवार भेटतो. दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली ठेवला की रक्तप्रवाह सुरळीत राहतो, असा दावा असतो. या आकड्याचे मूळ १९३० मधील लँडिस यांच्या प्रयोगात आहे आणि ती मोजणी नखाच्या कडेच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत केलेली होती. कृश, मधुमेही, ऐंशी वर्षांच्या व्यक्तीच्या नितंबाला ती जशीच्या तशी लागू होत नाही. कुणाला किती दाब किती वेळ सोसेल, याचा एकच आकडा नाही. म्हणून तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

घरातील हवेच्या गादीचेही असेच होते. तिचे कप्पे साधारण दहा-दहा मिनिटांनी आळीपाळीने फुगतात व बसतात. त्यातच तिचा उपयोग आहे. त्यावर रेक्झिन, त्यावर चौपदरी चादर, वर ऊबदार गोधडी आणि डायपर एवढे थर रचले की आळीपाळीचा परिणाम रुग्णापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त घाम. पंपाची घरघर झोपू देत नाही म्हणून रात्री तो बंद होतो. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची पद्धत कित्येक रुग्णालयांतून घरी आली आहे, पण मार्गदर्शक तत्त्वे तिलाही नकार देतात. टाच अधांतरी राहील अशा रीतीने पोटरीखाली लांब उशी देणे हा सोपा उपाय आहे. लाल झालेल्या जागी तेलाने किंवा स्पिरिटने चोळणे, हे तर प्रेमापोटी केलेले नुकसान. गोऱ्या कातडीवर सहज दिसणारी लाली सावळ्या कातडीवर दिसत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पाश्चात्त्य पुस्तकांतील छायाचित्रे पाहून शिकलेल्या डोळ्यांना ती चकवते. आपल्याकडे स्पर्शाने पाहावे लागते. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, थंड, कडक किंवा पिचपिचीत लागते का, हे तपासावे लागते.

हे सारे सांगणार कोण? या कामाचे शिक्षण घेतलेला एक व्यवसाय आहे आणि त्याची भारतातील सुरुवात मुंबईतच झाली. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, पहिले विद्यालय सुरू केले. हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासूनची आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कण्याला इजा झालेल्या तरुणांना अशा केंद्रांत आरशात पाहून स्वतःची त्वचा रोज तपासण्याची सवय लावली जाते. खुर्ची आणि उशी यांविषयी त्यांना पुष्कळ डॉक्टरांपेक्षा अधिक कळते. अंधारात राहतो तो पंचाहत्तरीत पक्षाघाताने पडलेला माणूस. त्याला घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांची यादी असते, फिजिओथेरपीचा उल्लेखही असतो. खुर्चीचे माप नसते.

शासनाकडे साधने पुरविण्याच्या योजना नाहीत, असे मुळीच नाही. अपंगांना साधने देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. २०१७ मध्ये ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्या यादीत चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची आणि सिलिकॉन फोमची उशीदेखील आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठाच्या बँक खात्यात एकरकमी तीन हजार रुपये जमा होतात. थेट हस्तांतरणामुळे मधली गळती टळते, हे मान्य. तथापि तीन हजारांत हवेची साधी गादी येते किंवा चांगल्या उशीच्या किमतीचा काही भाग निघतो. मापाची खुर्ची येत नाही आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी तर काहीच उरत नाही.

शिबिरांचे यश मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रयागराज येथे झालेल्या महाशिबिरात २६ हजारांहून अधिक लाभार्थींना ५६ हजारांहून अधिक साधने वाटण्यात आली आणि गिनीज विक्रमांचीही नोंद झाली. वर्षभराने त्यातील किती खुर्च्या वापरात होत्या, किती बसणाऱ्यांना जखमा झाल्या, हे शिबिराच्या यशाचे निकष नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच, तेही कमी साधने असलेल्या देशांसाठी, चाकाची खुर्ची पुरविण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यात तपासणी, मापानुसार निवड, बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती यांचा समावेश आहे. आपल्या शिबिरांत सारा झगमगाट असतो तो केवळ हस्तांतरणाच्या क्षणाचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच जाचक ठरते. सहाव्या वर्षी दिलेली विशेष खुर्ची नवव्या वर्षी तोकडी होते, मुलाचा वाढता कणा त्या तोकड्या खुर्चीत वाकडा वळतो.

विम्याचा व्यवहार तर बुचकळ्यात टाकणारा आहे. विमा नियामकाने २०२० मध्ये प्रमाणित केलेल्या वगळण्याजोग्या बाबींच्या यादीत पाण्याची वा हवेची गादी, चालण्यास मदत करणारी साधने आणि खासगी परिचारिकेचा खर्च या गोष्टी आहेत. वेगळा हप्ता भरून जादा संरक्षण घेतले नसेल, तर हे पैसे रुग्णाच्या खिशातून जातात. जखम हाडापर्यंत पोहोचली, जंतुसंसर्ग झाला आणि मांसल भाग फिरवून ती बुजविण्याची शस्त्रक्रिया करावी लागली, की तोच रुग्ण विम्याच्या कक्षेत येतो. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान संरक्षण वर्षाला पाच लाखांचे आहे, पण तेही मूलतः रुग्णालयातील उपचारांसाठी. घरी परतल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च त्यात येतो. शय्याव्रणाचा खरा धोका सोळाव्या दिवसापासून पुढे, महिनोन्महिने असतो. लाखाच्या शस्त्रक्रियेला होकार आणि काही हजारांच्या उशीला नकार, हा हिशेब विमा कंपन्यांच्या दृष्टीनेही फायद्याचा कसा ठरतो, ते त्यांनाच ठाऊक.

तंत्रज्ञान अडून बसलेले नाही. आयआयटी मद्रासच्या केंद्रातून २०२० मध्ये बसणाऱ्याच्या मापानुसार बेतता येणारी ‘निओफ्लाय’ ही चाकाची खुर्ची बाजारात आली. २०२५ मध्ये तेथूनच अवघ्या नऊ किलो वजनाची देशी खुर्ची सादर झाली. या खुर्च्या प्रामुख्याने स्वतः चाके फिरवू शकणाऱ्यांसाठी आहेत. परावलंबी वृद्धांसाठी अशी देशी, परवडणारी, कलती खुर्ची हे क्षेत्र अजून बरेच मोकळे आहे.

महाराष्ट्रातील शहरांत मात्र एक व्यवस्था आधीपासून आहे, तिचा विचार या संदर्भात व्हावयास हवा. गावोगावची सेवाभावी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि देवस्थाने ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे’ चालवितात. नाममात्र भाडे व अनामत घेऊन पलंग, गाद्या, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या देतात आणि काम झाल्यावर परत घेतात. वस्तू परत येत असल्याने वेगवेगळ्या मापाच्या चार खुर्च्या आणि तीन प्रकारच्या उशा ठेवणे तेथे परवडू शकते. एकेका कुटुंबाला ते अशक्य आहे. आठवड्यातून दोन तास एखादा व्यवसायोपचार तज्ज्ञ तेथे बसला आणि पदवीच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी घरी जाऊन माप घेऊ लागले, तर शासनाला एकही नवी वस्तू विकत न घेता बराच पल्ला गाठता येईल. एकेका माणसामागे काम साधारण अर्ध्या तासाचे आहे. सध्या अशा केंद्रांच्या नोंदवहीत नाव, पत्ता, दूरध्वनी, अनामत रक्कम आणि परतीची तारीख एवढेच रकाने असतात. त्याशेजारी कमरेची रुंदी, मांडीची लांबी आणि पोटरीची उंची असे तीन रकाने आखावे लागतील.